तिसरं प्रकरण बाकी

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांना बातमी सांगणं जोखमीचं होतं. तुम्ही मोठ्या उत्साहाने काहीतरी सांगायला जावं, तर ते बातमी बाजूला ठेवत आणि तुम्हालाच धरत. "कुणाकडून ऐकलंत?"

एका शुक्रवारी मी दुकानातून घरी आलो. ठिबक सिंचनाच्या नळ्या नि तोट्या विकतो मी, त्यामुळे पाण्याविषयी बोलायचा आपल्याला खास अधिकार आहे असं मला उगाचच वाटतं. जिन्यातूनच ओरडलो, "सर, उद्या पाणी येणार नाही. भरून ठेवा!"

ते वरून डोकावले. "कुणाकडून ऐकलंत, मालक?"

मी घरमालक म्हणून ते मला मालक म्हणत. त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कधीच कळलं नाही.

"इस्त्रीवाल्याकडून."

"त्याला कुणी सांगितलं?"

"ते मला काय माहीत? सगळी कॉलनी पाणी भरतेय, सर."

"सगळी कॉलनी म्हणजे कोण? एकाचं नाव सांगा."

मला एकही नाव सांगता येईना. तेव्हा ते खाली उतरले, चपला घातल्या, आभाळात ढगाचा पत्ता नसताना छत्री काखेत मारली आणि चालू पडले. दिवेलागणीला परत आले ते सगळा छडा लावून. इस्त्रीवाल्याला समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी सांगितलं होतं. काकूंना दूधवाल्याने. दूधवाल्याला माझ्या बायकोने. आणि बायकोला मी.

मला तर काहीच आठवेना. शेवटी बायकोनेच आठवण करून दिली. बुधवारी रंगारी आला होता, त्याने फरशीवर रद्दी पेपर पसरले होते, आणि मी हातात चहाचा कप घेऊन उभ्या उभ्या खाली बघत मोठ्याने वाचलं होतं की शनिवारी इंदिरानगर परिसरात, म्हणजे आमच्याकडे, पाणीपुरवठा बंद. पेपर गेल्या उन्हाळ्यातला होता.

सर अजिबात रागावले नाहीत. उलट काहीतरी दुर्मीळ सापडल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. "मालक, साखळी अखंड आहे बघा. मधली माणसं सगळी प्रामाणिक. एकानेही पदरचं काही घातलेलं नाही. फक्त सुरुवातीला तुम्ही आहात."

शनिवारी पाणी आलं. रोजच्यापेक्षा जोरात आलं, असं आई अजून सांगते.

ही खोड त्यांच्या विषयातून आलेली होती. ते मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून इतिहासाचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचा सगळा अभ्यास एकाच गोष्टीचा होता: जुन्या मुस्लिम जगात माणसं शिकायची कशी. मशिदीच्या खांबाला टेकून बसलेला गुरू कोणता ग्रंथ आधी सांगायचा, पोराने प्रश्न कधी विचारायचा, वाद घालताना आवाज किती चढवलेला चालायचा. बगदाद, दमास्कस, कैरो आणि तिथून थेट आपल्या दख्खनेपर्यंत. त्या जगात, ते सांगत, नुसतं वाक्य कुणी घ्यायचंच नाही. पैगंबरांचं एखादं वचन एवढंसं, पण त्याच्या आधी नावं हातभर. अमक्याने तमक्याकडून ऐकलं, त्याने त्याच्या गुरूकडून. मग विद्वान मंडळी त्या नावांच्या मागे लागायची. हा माणूस खरं बोलणारा होता का? याची स्मरणशक्ती कशी होती? हे दोघे कधी एका गावात तरी होते का?

"आणि आपल्याकडे?" असं म्हणून ते मला माझाच मोबाइल दाखवायचे. मी त्यांना सकाळी एखादा आरोग्याचा मेसेज पाठवलेला असे. त्यावर लिहिलेलं असे की हा मजकूर अनेकदा पुढे पाठवलेला आहे. "हे मात्र फार प्रामाणिक हं. अनेकदा पाठवलाय म्हणतात. कुणी, ते कुणी सांगत नाही."

ते आमच्याकडे भाडेकरू म्हणून आले कसे, तेही सांगायला हवं. आमचा पूर्वी शेवंतीचा नि गुलाबाचा मळा होता. शहर वाढत आलं, मळ्याच्या जागी घरं झाली, त्यातलंच एक आमचं. वरचा मजला रिकामा होता. एजंटाने सरांना आणलं, दारातच उभं केलं आणि मला बाजूला घेऊन कुजबुजला, "माणूस चांगला आहे, पण नाव ऐकून घ्या आधी." याआधी त्यांना कॉलनीत बऱ्याच ठिकाणी नाव ऐकून घेतल्यावर चहा मिळाला होता, घर नव्हतं मिळालं. मी म्हणालो, "बघू." माझं 'बघू' म्हणजे आईला विचारतो.

आई ओट्यावर बसून गुलछडीच्या कांड्या निवडत होती. मळा गेला तरी ती फूलबाजारातून फुलं आणून निवडतेच, हाताला सवय म्हणून. तिने विचारलं, "गाव कोन्तं तुमचं?"

"सायखेडा."

"सायखेड्याचं? अन् मंग दारात काय उभं ऱ्हायले? माझं माहेर पलीकडंच हाय, चांदोरी. या आत."

झालं. एजंटाची कुजबुज तिथेच संपली. आई त्यांना मास्तर म्हणायला लागली, ते तिला अक्का म्हणायला लागले, आणि मी माझ्याच घरात तिसरा माणूस झालो. आई त्यांना भरीत पाठवायची. ते रिकामं भांडं परत आणताना विचारायचे, "अक्का, हे कुणाकडून शिकलात?"

"सासूकडून."

"आणि त्या?"

"तिला कुनी शिकवलंच नव्हतं. म्हनून तर मी बदलून घेतलं."

यावर ते गंभीरपणे मान डोलवायचे. त्यांच्या मते ही एक महत्त्वाची माहिती असे.

कॉलनीतली माणसं त्यांना गाठून हमखास एक प्रश्न विचारायची, "सर, तुमच्यात असं असतं का हो?" सर विचारात पडत. "आमच्यात म्हणजे? सायखेड्यात?" समोरचा ओशाळून म्हणे, "तसं नाही, इस्लाममध्ये." मग सर उत्साहाने पुढे सरकत, "कोणत्या शतकातलं सांगू? आणि कोणत्या गावातलं?" विचारणाऱ्याला हो किंवा नाही एवढंच हवं असे. त्याला बगदादपासून सुरुवात मिळायची. आणि खरंच ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही" हे वाक्य ते असं चवीने उच्चारत, की ऐकणाऱ्याला बासुंदीची वाटी चाटून खाली ठेवल्यासारखं वाटावं. मी आयुष्यात ते वाक्य फार कमी वेळा वापरलंय. दुकानात गिऱ्हाइकासमोर तर कधीच नाही.

त्यांचं एक पुस्तक लिहून तयार होतं. मराठीत. "या विषयावर उर्दूत पुष्कळ आहे, अरबीत तर विचारू नका," ते म्हणायचे. "पण सायखेड्याच्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राने विचारलं की तुझ्या लोकांत शिकवायचे कसे रे, तर त्याला काय देऊ?" प्रकाशक ठरला होता. पण सर बाड देईनात. कारण पुस्तक ऐकवलेलं नव्हतं.

हे मला समजायला वेळ लागला. पूर्वी पुस्तकं हाताने उतरवायचे. कुणी काय घुसडेल याचा नेम नाही. म्हणून ग्रंथ तयार झाला की लेखक चारचौघांसमोर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत तो मोठ्याने वाचायचा. ऐकणारे ऐकायचे, अडवायचे, चुका दुरुस्त व्हायच्या. आणि मग शेवटच्या पानावर नोंद करायची की कोण कोण बसलं होतं. पूर्ण कुणी ऐकलं, उशिरा कोण आलं, गप्पा कोण मारत होतं, झोप कुणाला लागली. ज्याचं जेवढं ऐकायचं राहिलं, त्याने तेवढं पुन्हा ऐकून भरून काढायचं. नाहीतर त्याने पुढे कुणाला सांगायचं नाही की मी हे पुस्तक ऐकलंय.

"झोपलेल्यांचीही नोंद?" मी विचारलं.

"दमास्कसच्या जुन्या हस्तलिखितांवर आहे. शेकडो वर्षं झाली, माणसं गेली, राज्यं गेली. डुलक्या शिल्लक आहेत."

"पण सर, आता छापखाने आहेत. कुणी काही घुसडत नाही."

"मालक, यातलं तुकडे तुकडे मी परिषदांत वाचलंय. तिथे सगळे जाणकार. जाणकार ऐकत नाहीत, आपली बोलायची पाळी कधी येते ते बघतात. ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, अशा माणसासमोर हे एकदाही वाचलेलं नाही." आणि ते माझ्याकडे आशेने बघायला लागले. ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस म्हणून माझी एवढ्या सन्मानाने निवड यापूर्वी कुणी केली नव्हती.

श्रोते ठरले तीन: आई, बायको आणि मी. वेळ ठरवली मी, आणि तिथेच घात केला. रविवार दुपार. आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ आणि दुपारी मटण असतं. या दोन्हींच्या नंतर माणूस ज्या अवस्थेत असतो, त्या अवस्थेत त्याला मध्ययुगीन शिक्षणपद्धती ऐकवणं हा प्रयोग दमास्कसमध्येही कुणी केला नसेल.

पहिली दोन प्रकरणं मी मांडीला चिमटे काढत काढली. पोराला पहिल्यांदा चटईवर कसं बसवायचे, छडी कुठवर चालायची, असं मजेचं होतं. तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक मी ऐकलं. पुढे मला आठवतं ते बायकोचं कोपर. सर वाचायचे थांबले होते आणि पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते.

"जरा डोळे मिटून ऐकत होतो," मी म्हणालो.

"घोरत ऐकत होतात," बायको म्हणाली.

सरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं: घरमालक तिसऱ्या प्रकरणात झोपले. बायको मटार सोलत बसली होती, तिने घाबरून विचारलं, "आणि मी?" सर म्हणाले, "त्या काळी काही लोक ऐकता ऐकता नक्कल उतरवायचे. ते धरायचं की नाही यावर विद्वानांत मोठा वाद आहे. मटारांवर मला काही सापडलेलं नाही. तुमचं धरतो."

तेव्हापासून जिन्यात, फाटकात, भाजीच्या गाडीपाशी, भेटतील तिथे ते हसत म्हणायचे, "मालक, तिसरं बाकी आहे हं." मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी." दुकानातली अर्धी कामं मी याच वाक्यावर चालवतो.

बायकांचं प्रकरण आलं तेव्हा आईने फुलं खाली ठेवली. त्या काळी ग्रंथ सांगणाऱ्या स्त्रिया होत्या, दूरदूरचे विद्वान त्यांच्यापुढे बसून ऐकायचे आणि अभिमानाने त्यांची नावं सांगायचे, असं सर वाचत होते.

"बाया शिकवायच्या? बाप्यांना?"

"हो, अक्का."

"अन् ते गप बसून ऐकायचे?"

"ऐकायचे म्हणून तर या बायकांची नावं राहिली."

आईने थोडा विचार केला. "लोकांचं ऱ्हाऊ द्या. त्यांचे नवरे ऐकायचे का, ते सांगा."

सरांनी पाठीमागची पानं चाळली, टिपा बघितल्या, आणि बासुंदीची वाटी खाली ठेवली. "मला माहीत नाही, अक्का. पण हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता." तो प्रश्न पुस्तकात तळटीप म्हणून गेला आहे. आईच्या नावासकट.

त्या थंडीत त्यांचा आवाज बसला. आधी ते धुक्याला दोष द्यायचे, मग धुळीला. आवाज बारीक होत गेला तशा आमच्या खुर्च्या पुढे सरकत गेल्या. सुरुवातीला आम्ही भिंतीशी बसायचो; मार्गशीर्षात त्यांच्या गुडघ्याला गुडघे लागायला आले. आई तर कानामागे हात धरून बसायची. शेवटी बायकोने त्यांना जबरदस्तीने डॉक्टरकडे नेलं. स्वरतंतूवर गाठ होती. ऑपरेशन लगेच करावं लागणार होतं. नंतर आवाज येईल की नाही, यावर डॉक्टरांनी तेच म्हटलं जे सरांना इतकं आवडायचं. माहीत नाही. या वेळी त्या वाक्यात काही चव नव्हती.

तोवर बोलायचंही नाही, कुजबुजायचंही नाही, असा हुकूम झाला. आईने माळ्यावरून माझ्या मुलाची लहानपणची पाटी काढून दिली. सर पाटीवर लिहून बोलायला लागले.

पुस्तकाचं एकच प्रकरण राहिलं होतं. शेवटचं.

मी त्यांना समजवायला वर गेलो. "सर, देऊन टाका आता प्रकाशकाला. बाकी सगळं तर वाचून झालंय. कोण विचारणार आहे?"

त्यांनी लिहिलं: 'मी विचारीन.' मग पुसून पुन्हा लिहिलं: 'शेवट ऐकवलेला नाही. अर्धं ऐकवलेलं पुस्तक देणार नाही.' आणि बाड कापडात बांधून कपाटात ठेवलं. गाठ त्यांनी फार सावकाश मारली. आयुष्यभराचं काम होतं ते. ऑपरेशननंतर आवाज आला नाही तर ते कापड तसंच राहणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

खाली येऊन मी बायकोला नि आईला सांगितलं. "काही उपाय नाही. लेखकानेच वाचायला पाहिजे म्हणे."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "असं कुठे आहे? शिष्याने वाचायचं आणि गुरूने ऐकायचं, तेही तितकंच चालतं. काही जणांच्या मते तर ते जास्त पक्कं. कारण वाचणारा चुकला की गुरू जागच्या जागी पकडतो."

"हे तुला कुणी सांगितलं?" माझ्या तोंडून सरांचाच प्रश्न निघाला.

"तिसऱ्या प्रकरणात आहे!" दोघी एकदम म्हणाल्या.

आम्ही तिघं वर गेलो. बायकोने विषय काढताच सरांनी मान खाली घातली. त्यांना ते ठाऊक नव्हतं थोडंच? लिहिलं त्यांनीच होतं. त्यांनी पाटीवर बारीक अक्षरात लिहिलं: 'त्याला शिष्य लागतो. तुम्ही तर घरची माणसं. अजून किती त्रास देऊ?'

"मंग घ्या की याला शिष्य," आईने मला पुढे ढकललं. "पन्नाशीचा झालाय, अजून कुनापुढं शिकायला बसलेला नाय."

सरांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तिसरं बाकी आहे.'

म्हणजे आधी ते भरून काढायचं, मग शेवटचं वाचायला बसायचं. शनिवारी मी दुकान बंद ठेवलं, जेवलो नाही, आणि सरांसमोर मांडी घालून तिसरं प्रकरण मोठ्याने वाचलं. मी चुकलो की ते पेन्सिलीने पाटीवर ठोका मारायचे. पहिल्या पानावरच इतके ठोके पडले की खालून इस्त्रीवाल्याने विचारलं, वर सुतार आलाय का. अरबी नावं तोंडात बसेनात. ठोका, पुन्हा वाचायचं, ठोका, पुन्हा. पण प्रकरण संपलं तेव्हा मला ते आलं होतं. ज्यात मी झोपलो होतो, त्या प्रकरणात वाचायच्या रीतींनंतर वादात हरलेल्या माणसाने समोरच्याचे आभार कसे मानावेत हेही होतं. जागा राहिलो असतो तर लग्नानंतरचा बराच काळ सोपा गेला असता.

रविवारी शेवटचं प्रकरण. सोमवारी सकाळी त्यांना दवाखान्यात जायचं होतं. मिसळ नाही, मटण नाही. आई नि बायको दोन बाजूंना, मध्ये मी, समोर सर मांडीवर पाटी घेऊन, खिडकीतून येणाऱ्या उन्हात. मी वाचायला लागलो. सुरुवातीला ठोके होते. मग कमी झाले. मग पानामागून पान गेलं तरी एकही ठोका नाही. एका दिवसात आपण काय तयार झालो, असं मला वाटायला लागलं. आवाजात जरा ऐटही आली. लांबलचक नावं मी धडाधड घेत सुटलो.

"अरं, थांब," आई हळूच म्हणाली. "मास्तर झोपल्यात."

पेन्सिल त्यांच्या बोटांतच होती. कितीतरी रात्री काळजीने झोप लागली नसणार. मी खालच्या आवाजात विचारलं, "आता? दोनच पानं राहिलीत. वाचून टाकू?"

"ऐकनारा झोपला तर कुठून धरायचं?" आई म्हणाली.

बायकोने मागे बघून बोट ठेवलं. "शेवटचा ठोका इथे पडला होता, निशापूर शहराच्या नावावर. इथून पुन्हा."

मी पान मागे उलटलं आणि आम्ही बसून राहिलो. कुणी उठलं नाही. आईने मांडी बदलली नाही, एरवी तिचे गुडघे तिला तेवढं बसू देत नाहीत. खाली दारावरची बेल वाजून गेली. ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं.

जागे झाल्यावर त्यांनी आधी पानाकडे बघितलं, मग आमच्याकडे. घाईघाईने पाटीवर लिहिलं: 'किती गेलं?'

"काय बी नाय गेलं," आई म्हणाली. "आमी थांबलोय."

 त्यांनी बाहीने पाटी पुसली आणि एक ठोका मारला. वाचा. मी निशापूरपासून वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत, भरपूर ठोके खात.

ऑपरेशन नीट झालं. आवाज आला नाही. आता सर पुण्याला मुलीकडे असतात. आईला फोन करतात. आईच बोलते आणि ते फोनवर नखाने वाजवतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे पुन्हा सांगा. तिने कॉलनीतली काही बातमी सांगितली तर हटकून दोनदा वाजतं, आणि आई वैतागून म्हणते, "सांगते, सांगते, कुनाकडून ऐकलं ते बी सांगते."

पुस्तक छापून आलं. प्रकाशकाला श्रोत्यांच्या नोंदीचं शेवटचं पान काढून टाकायचं होतं, लोक हसतील म्हणून. सरांनी मुलीकरवी निरोप धाडला की ते पान नसेल तर पुस्तकही नाही. त्यामुळे ते आहे. पाहुणे आले की आई पुस्तक उलटीकडूनच उघडून दाखवते. तिच्या नावापुढे 'संपूर्ण ऐकलं' आहे. बायकोच्या नावापुढे 'संपूर्ण, मटार सोलत.' माझ्या नावापुढे 'तिसऱ्या प्रकरणात झोपले. नंतर स्वतः वाचून भरून काढलं.' आणि सगळ्यांत खाली, श्रोत्यांच्याच रांगेत, त्यांनी स्वतःचं नाव घातलं आहे.

'लेखक शेवटच्या प्रकरणात झोपले. बाकीचे जागे होते.'